मुका 'बी' आणि ग्रेपची जन्मकथा

मागचे दोन शनिवार रिलीजमध्ये गेले, त्यामुळे इथे काहीच टाकता आलं नाही. आज मात्र सकाळपासून बसलोय. विषय इतिहासाचा आहे, पण सुरुवात माझ्या फजितीपासून करावी लागेल.

दहा-बारा दिवसांपूर्वी संध्याकाळी क्लायंटबरोबर कॉल चालू होता. आमच्या कोडमध्ये एक बग होता. अगदी बारीक, सहजासहजी डोळ्यांना न दिसणारा. तो मीच शोधला होता म्हणून समजावून सांगायचं कामही माझ्याकडेच. मी ऐटीत म्हटलं, "इट इज अ व्हेरी सबटल बग." त्यातला 'ब' अगदी ठणठणीत. पलीकडे क्षणभर शांतता. मग तिकडचा माणूस सौम्यपणे म्हणाला, "ओह, सटल. येस." आणि आमच्याच टीममधले दोघं माईक बंद ठेवून हसताहेत हे मला छोट्या चौकटींमध्ये स्वच्छ दिसलं.

एवढ्यावर कोणी मरत नाही, मान्य. पण मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलो. इंग्रजी शब्द आम्ही ऐकले कमी आणि वाचले जास्त. वाचलेला शब्द मनातल्या मनात अक्षर लावून म्हणायचा, देवनागरीसारखा, ही सवय. इंजिनिअरिंगला आल्यावर पहिल्याच व्हायवात एक शब्द असाच अक्षर लावून वाचला आणि समोरचे सर हसले. तेव्हापासून मी एक युक्ती शिकलो. ज्या शब्दाच्या उच्चाराची खात्री नाही तो बोलायचाच नाही, त्याच्या जागी सोपा शब्द टाकायचा. दहा वर्षं मी असा अर्ध्या शब्दसंग्रहावर बोलतोय. रिव्ह्यूमध्ये दर वर्षी 'कम्युनिकेशनवर काम कर' असं येतं आणि मी मान डोलावतो. त्या दिवशी बग सापडल्याच्या आनंदात पहारा जरा ढिला पडला, इतकंच.

असो. शनिवारी रागारागात टर्मिनल उघडलं. मॅकवर इंग्रजी शब्दांची एक साधी फाईल असते, एका ओळीवर एक शब्द. म्हटलं, बघू तरी, इंग्रजीत बी आणि टी शेजारी शेजारी असलेले शब्द आहेत किती आणि त्यातल्या कुठल्यात हा बी मुका असतो. ग्रेप लिहिलं, अवतरणात बीटी, पुढे फाईलचं नाव, एंटर. सेकंदाच्या आत शेकडो ओळी धो धो आल्या.

आणि मग डोक्यात आलं की हे ग्रेप आपण रोज वापरतो, रात्री दोन वाजता प्रॉडक्शन पडलं की लॉगमध्ये 'एरर' शोधायला वापरतो, पण हे मुळात कशासाठी लिहिलं असेल? शोधायला बसलो आणि उत्तर वाचून खुर्चीत ताठ झालो. जे मी त्या क्षणी करत होतो, जवळजवळ त्याच कामासाठी ग्रेप जन्माला आलं होतं.

पण क्रमाने सांगतो.

शब्दकोशाला एकच प्रश्न विचारता येतो

कुठलाही छापील शब्दकोश घ्या. तो पहिल्या अक्षराने लावलेला असतो. म्हणजे त्याला एकच प्रश्न चटकन विचारता येतो, 'या अक्षरांनी सुरू होणारे शब्द दाखव'. 'या अक्षरांनी संपणारे दाखव' किंवा 'ही अक्षरं मधे कुठेतरी असलेले दाखव' म्हटलं की कोश हात वर करतो. उत्तर त्याच्या पोटात असतं, पण काढायचं तर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचत जाणं आलं. आमच्या भाषेत सांगायचं तर इंडेक्स एकाच कॉलमवर आहे, बाकी सगळा फुल टेबल स्कॅन.

यावरचा जुना उपाय म्हणजे कोशच वेगळ्या क्रमाने लावणं. लंडनमध्ये जॉन वॉकर नावाचा गृहस्थ होता. आधी नट, मग वक्तृत्वाचा शिक्षक. त्याने १७७५ मध्ये असा कोश काढला की ज्यात शब्द शेवटच्या अक्षराकडून उलटे लावले होते. कवींना यमक सापडावं हा एक हेतू, आणि स्पेलिंग-उच्चार शिकावेत हा दुसरा. कल्पना करा, हजारो शब्द हाताने उलटे करून लावायचे. या माणसाने पुढे १७९१ मध्ये इंग्रजी उच्चारांचा मोठा कोश काढला आणि तो पुढची कित्येक दशकं प्रमाण मानला गेला. अक्षरांच्या शेवटच्या जुळणीवरून शब्द शोधणारा आणि उच्चाराचे नियम मांडणारा माणूस एकच होता, हे लक्षात ठेवा. पुढे पुन्हा येणार आहे.

विसाव्या शतकात अमेरिकेत मेरियम-वेबस्टर या कोश काढणाऱ्या कंपनीने तर याहून मोठं काम केलं. त्यांच्या कचेरीत शब्द उलट्या स्पेलिंगने टाईप केलेली कार्डं आहेत, तीन लाखांहून अधिक. एका शेपटीचे सगळे शब्द एकत्र मिळावेत म्हणून माणसांनी वर्षानुवर्षं बसून ती टाईप केली. आणि एवढं करूनही 'मधे कुठेतरी बीटी' हा माझा प्रश्न अनुत्तरितच राहतो. शेवट सापडतो, मधलं सापडत नाही.

मशीनला बोलायला शिकवणारा माणूस

आता १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला या. न्यू जर्सीमधल्या मरे हिल या गावी बेल लॅब्ज. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९ मध्ये युनिक्सची सुरुवात केलेली. मशीन पीडीपी-११. एका प्रोग्रॅमला जास्तीत जास्त ६४ किलोबाईट मेमरी मिळायची. आपल्या फोनमधला एक फोटोसुद्धा त्यात मावणार नाही.

या मंडळींचा विभागप्रमुख होता डग मॅक्इलरॉय. कामाचा माणूस. प्रोग्रॅमांना बागेतल्या नळीसारखं एकमेकांना जोडता यायला हवं, हे त्याने १९६४ मध्येच एका टिपणात लिहून ठेवलं होतं. ती कल्पना १९७३ मध्ये युनिक्समध्ये पाईप म्हणून आली. पण त्या दिवसांत त्याला स्वतःला वेड लागलं होतं ते दुसऱ्याच गोष्टीचं, लिहिलेलं इंग्रजी मशीनकडून मोठ्याने वाचून घ्यायचं. व्होट्रॅक्स नावाचं एक आवाज काढणारं यंत्र त्यांच्याकडे होतं. त्याला ध्वनी सांगितले की ते बोलायचं. पण कुठल्या स्पेलिंगचा कुठला ध्वनी, हे सांगणार कोण?

मंडळी, इथे मी थांबलो आणि परत वाचलं. डग मॅक्इलरॉयचं मशीन म्हणजे अगदी माझ्यासारखं मराठी माध्यमातलं पोर! शब्द कधी ऐकलेला नाही, फक्त अक्षरं समोर आहेत, आणि त्यावरून उच्चार करायचाय.

इंग्रजीत हे किती अवघड आहे याचा एकच नमुना देतो. ओ-यू-जी-एच ही चार अक्षरं घ्या. टी लावला की 'टफ'. सी लावला की 'कॉफ'. टी-एच लावलं की 'दो', टी-एच-आर लावलं की 'थ्रू'. पी-एल लावलं की 'प्लाऊ'. आणि पुढे टी आला की 'थॉट'. चार अक्षरं तीच, आवाज दर वेळी निराळा. यात नियम काढायचा म्हणजे आधी ही अक्षरं असलेले सगळे शब्द एकत्र समोर दिसायला हवेत. तरच कळणार की नियम कुठला आणि अपवाद कुठला.

बेल लॅब्जमध्ये वेबस्टरच्या दुसऱ्या आवृत्तीची, म्हणजे १९३४ च्या मोठ्या कोशाची शब्दयादी मशीनवर होती. मॅक्इलरॉयला तिच्यात असं शोधायचं होतं. 'एड' या एडिटरमध्ये अक्षरांचा नमुना देऊन ओळी शोधायची सोय होती, पण एवढी मोठी फाईल एडला झेपत नव्हती. तुकडे करा, एकेक तुकडा उघडा, शोधा, बंद करा, असा कंटाळवाणा प्रकार. एका दुपारी त्याने थॉम्प्सनला विचारलं, एडिटरमधला हा नमुने ओळखणारा भाग बाहेर काढून फाईलवरून एकदाच सरळ फिरणारा प्रोग्रॅम करता येईल का? दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या मेलमध्ये चिठ्ठी होती, प्रोग्रॅम तयार आहे, नाव ग्रेप.

नावही त्या एडिटरमधूनच आलं. एडमध्ये सगळ्या फाईलभर शोधायचं तर जी, मग दोन तिरक्या रेघांमध्ये शोधायचा नमुना, आणि सापडलेल्या ओळी छापायला पी, अशी आज्ञा होती. जी म्हणजे ग्लोबल, पी म्हणजे प्रिंट, आणि मधल्या नमुन्याचं नाव रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणून आर-ई. रेघा काढून टाकल्या की उरलं ग्रेप. १९७३ च्या नोव्हेंबरमधल्या युनिक्सच्या चौथ्या आवृत्तीत ते दाखल झालेलं दिसतं.

ही कथा दुसऱ्या प्रकारेही सांगितली जाते. ब्रायन कर्निघनच्या सांगण्यात गरजू माणूस वेगळा आहे. ली मॅकमॅहन नावाच्या सहकाऱ्याला 'फेडरलिस्ट पेपर्स' तपासायचे होते. १७८७-८८ मधले हे ८५ राजकीय निबंध तिघांनी एकाच टोपणनावाने लिहिलेले, आणि कुठला कोणाचा हे त्यातल्या शब्दांवरून ओळखायचं होतं. तो मजकूरही एडमध्ये मावेना. आणि थॉम्प्सन स्वतः सांगतो की असा प्रोग्रॅम त्याच्याकडे स्वतःपुरता आधीच होता, त्याने रातोरात तो फक्त लोकांसमोर आणण्याजोगा केला. गाभा मात्र सगळ्या कथांमध्ये तोच आहे. मजकूर एडिटरपेक्षा मोठा, शोधायचे शब्द आणि अक्षरं, आणि थॉम्प्सनची एक रात्र. लॉग, सर्व्हर, एरर यांचा कुठे पत्ताच नाही.

(कर्निघनवरून आठवलं. सी शिकताना चार वर्षं मी हे नाव असंच घेत आलो. परवा कळलं की त्याच्या आडनावातला जी मुका आहे, खरा उच्चार 'कर्निहन' असा काहीसा आहे. म्हणजे ज्याच्या पुस्तकावर आमचं पोट चालतं त्याचं नावसुद्धा आम्ही अक्षर लावून वाचलं! :-) )

त्या एका रात्रीमागची तीस वर्षं

आता 'एका रात्रीत लिहिलं' हे वाक्य आपल्या मॅनेजरांच्या हाती लागायला नको, म्हणून थोडं मागचं सांगतो.

रेग्युलर एक्स्प्रेशन ही कल्पना मुळात मेंदूच्या अभ्यासातून आली. १९४३ मध्ये मॅक्कलक आणि पिट्स या दोघांनी मज्जापेशींच्या जाळ्याचं गणिती रूप मांडलं. असं जाळं कुठले नमुने ओळखू शकेल, याचा विचार स्टीफन क्लीनी या गणितज्ञाने १९५१ मध्ये केला आणि त्या नमुन्यांसाठी एक लिपी बनवली. आपण नमुन्यात जी चांदणी टाकतो ती त्याचीच. थॉम्प्सनने ही लिपी एडिटरमध्ये आणली आणि ती वेगाने कशी चालवायची याचा लेख १९६८ मध्ये लिहिला. युक्ती अशी की मजकुरातलं एकेक अक्षर एकदाच वाचायचं, आणि 'आत्तापर्यंत नमुन्यात आपण कुठे कुठे असू शकतो' त्या सगळ्या शक्यता एकदम सांभाळत पुढे जायचं. मागे वळून बघायचं नाही. म्हणजे मज्जापेशींपासून ती रात्र यायला तीस वर्षं लागली. रात्र फक्त शेवटची.

ग्रेप हाती आल्यावर बेल लॅब्जमधल्या मंडळींनी कोशाशी बराच खेळ केला. कर्निघन आणि रॉब पाईक यांच्या १९८४ च्या युनिक्सवरच्या पुस्तकात याचे दोन झकास नमुने आहेत. एक, ज्या शब्दांत ए, ई, आय, ओ, यू हे पाचही स्वर एकेकदाच आणि याच क्रमाने येतात ते शोधा. 'अ‍ॅबस्टीमिअस' म्हणजे खाण्यापिण्यात संयमी, आणि 'फसीशस' म्हणजे नको तिथे थट्टा करणारा, असे शब्द निघतात. दुसरा, ज्या शब्दांतली अक्षरं एबीसीडीच्याच चढत्या क्रमाने आहेत असे किमान सहा अक्षरी शब्द. आपण रोज वापरतो तो 'ऑलमोस्ट' त्यात आहे, आणि 'बायॉप्सी'सुद्धा. बोटावर मोजून बघा.

अक्षरं ठरलेली पण क्रम कुठलाही चालेल, असं असेल तर? साधा मार्ग म्हणजे मॅक्इलरॉयची नळी. पहिल्या ग्रेपने एक अक्षर असलेले शब्द गाळायचे, ते दुसऱ्या ग्रेपमध्ये सोडायचे, त्यातून तिसऱ्यात. पाच अक्षरांना पाच ग्रेप. पण तीच अक्षरं, तेवढीच अक्षरं असलेले शब्द हवे असतील, म्हणजे अ‍ॅनाग्राम, तर त्याहून सुंदर युक्ती जॉन बेंटलीच्या 'प्रोग्रॅमिंग पर्ल्स' या १९८६ च्या पुस्तकात आहे. प्रत्येक शब्दाची अक्षरं क्रमाने लावून त्याची एक 'सही' बनवायची. स्टॉप, स्पॉट, पोस्ट, पॉट्स, टॉप्स आणि ऑप्ट्स या सगळ्यांची सही एकच येते, ओ-पी-एस-टी. मग यादी सहीप्रमाणे सॉर्ट केली की भाऊबंद आपोआप शेजारी येऊन बसतात. २००० च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने २,३०,००० शब्दांचे सगळे अ‍ॅनाग्राम १८ सेकंदांत निघाल्याचं लिहिलंय. वॉकरने शब्द उलटे लावले, बेंटलीने सहीने लावले. कल्पना तीच, कोशाला वेगळा प्रश्न विचारायचा तर तो वेगळ्या क्रमाने लावा.

आणि एक गंमत. कोशात शब्द शोधण्यासाठी जन्मलेलं हे 'ग्रेप' २००३ मध्ये स्वतःच ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात शब्द म्हणून जाऊन बसलं.

मुका बी आला कुठून?

आता माझ्या त्या शेकडो ओळींकडे परत येऊ. मॅकवरची फाईल ही मुळात तीच, वेबस्टरची दुसरी आवृत्ती, २ लाख ३४ हजारांच्या वर शब्द. कॉपीराईट संपल्यामुळे ती सगळीकडे पसरली. १९३४ चा कोश असल्यामुळे त्यात 'सॉफ्टवेअर' नाही, 'इंटरनेट' नाही.

यादी बघता बघता नियम दिसायला लागला. बहुतेक सगळे शब्द 'सब' किंवा 'ऑब' या उपसर्गाचे. सबट्रॅक्ट, सबटोटल, ऑब्टेन. इथे बी स्वच्छ बोलतो. नमुन्याच्या शेवटी डॉलरचं चिन्ह टाकून फक्त बीटीने संपणारे शब्द काढले, तर मोजकेच उरले. डेट म्हणजे कर्ज, डाऊट म्हणजे शंका, आणि त्यांचे नातेवाईक. इथे बी मुका. वा! मी वहीत नियम लिहिला, शेवटी बीटी असेल तर बी मुका, उपसर्गातला असेल तर बोलका. आणि मग यादीत 'सटल' दिसला. तो सुरू होतो 'सब'नेच, मूळ लॅटिन शब्दातही हा 'सब'च, आणि तरी बी मुका! ज्या शब्दाने माझी फजिती केली तोच माझ्या नियमावरही बसेना.

याचं उत्तर अक्षरांत नाही, इतिहासात आहे. हे शब्द इंग्रजीत आले ते लॅटिनमधून थेट नव्हे, जुन्या फ्रेंचमधून. येताना बी कधीच गळून पडला होता. मध्ययुगीन इंग्रजीत कर्जाला 'डेट'च म्हणत आणि लिहीतही बी न घालता, डी-ई-टी-टी-ई. डाऊट आणि सटल यांचीही जुनी रूपं अशीच, बी नसलेली. मग पंधराव्या-सोळाव्या शतकात विद्वानांना लॅटिनचा पुळका आला. 'आपले शब्द किती थोर घराण्यातले आहेत' हे दिसावं म्हणून त्यांनी स्पेलिंगमध्ये बी परत बसवला. लिहिणाऱ्यांनी तो लिहिला, बोलणाऱ्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. 'रिसीट'मधला मुका पी असाच घुसवलेला. त्याच लॅटिन धातूच्या कुळातल्या 'डिसीट'मध्ये मात्र तो घालायचं राहून गेलं, म्हणून तिथे पी नाही.

म्हणजे हा मुका बी कधीकाळी इंग्रजीत बोलत होता आणि आता गप्प झालाय, असं नाही. इंग्रज माणसाने तो कधी तोंडात घेतलाच नाही. तो केवळ मिरवण्यासाठी आहे.

शेक्सपिअरच्या 'लव्ह्ज लेबर्स लॉस्ट' या नाटकात होलोफर्निस नावाचा एक पंतोजी आहे. लोक 'डेट' आणि 'डाऊट' यांच्यातला बी उच्चारत नाहीत म्हणून तो वैतागतो. नाटक १५९० च्या दशकातलं. म्हणजे 'लिहिलंय तसं बोला की' हा हट्ट धरणारा मी पहिला नाही. फरक इतकाच की त्या हट्टासाठी लोक पंतोजीला हसले होते, आणि परवा मला.

आमच्या गावच्या शाळेत सर फळ्यावर डेट लिहायचे आणि म्हणायचे, "बी सायलेंट आहे, पाठ करा." का सायलेंट आहे ते सरांनाही कोणी सांगितलं नसणार. मॅक्इलरॉयच्या मशीनलाही शेवटी तेच करावं लागलं. नियम लागतील तिथवर नियम, आणि पुढे अपवादांचं पाठांतर. अमेरिकेच्या नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेने १९७६ मध्ये इंग्रजी वाचून दाखवायचे नियम प्रसिद्ध केले. ते ३२९ झाले. आणि एवढे नियम लावूनही साधारण ९० टक्केच शब्द बरोबर येत. उरलेले दहा टक्के आमच्यासारख्यांचे. :-)

आणि आता खरं सांगायचं ते

इथेच लेख संपवला असता तर मला बरं वाटलं असतं. इंग्रजीचं स्पेलिंग म्हणजे सावळा गोंधळ, आपली देवनागरी बघा कशी, जसं लिहाल तसं वाचा, टाळ्या. पण काल रात्री हे लिहिताना एक गोष्ट आठवली आणि ती गिळता येईना.

आमच्या टीममध्ये केरळची एक मुलगी आहे. पुण्यात येऊन वर्ष झालं. हिंदी शाळेत शिकलेली, त्यामुळे देवनागरी येते. हौसेने मराठी शिकतेय. दोन महिन्यांपूर्वी कॅन्टीनमध्ये तिने पेपरातली एक बातमी मोठ्याने वाचली, दुष्काळ आणि चारा छावण्यांची. 'चारा'मधला च तिने 'चार'मधल्या च सारखा वाचला. आम्ही चौघं हसलो. सगळ्यात मोठ्याने मी.

तिने विचारलं, "रूल क्या है?" मी म्हटलं, "रूल वगैरे काही नाही, सवयीने कळतं."

म्हणजे पाठ करा.

आज सकाळी बसून बघितलं तर नियम आहे हो! च, ज आणि झ या तीन अक्षरांना मराठीत दोन-दोन आवाज आहेत. पुढे इ, ए किंवा य असेल तर जीभ टाळूला लागते. चिंच, चेहरा, जीभ. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्दही टाळूचेच. बाकीचे बरेचसे दातांकडचे. चाक, चारा, जाळं. आणि मग 'चार'सारखे अपवाद, तेवढे पाठ. 'माझा' आणि 'माझी' हे सावकाश, मोठ्याने म्हणून बघा. एकच झ, पण दोन आवाज. अठ्ठावीस वर्षं रोज म्हणतोय, कधी लक्षात आलं नव्हतं. आणि 'जगात जगायचं' मध्ये तर 'जग' ही दोन अक्षरं जशीच्या तशी दोनदा येतात आणि दोन्ही वेळा ज वेगळा. कुठलं वाचायचं हे अक्षरं सांगत नाहीत, अर्थ सांगतो.

मला ऐकून आलं म्हणून मला नियमाची गरज पडली नाही. तिला वाचून शिकायचंय, तिला पडते. डग मॅक्इलरॉयने मशीनसाठी जेवढी मेहनत घेतली तेवढी मी शेजारच्या डेस्कवरच्या माणसासाठी घेतली नाही. उलट हसलो.

तेव्हा आज दुपारचं काम ठरलंय. मराठी शब्दांची एक यादी माझ्याकडे आहे. त्यावर ग्रेप चालवून च, ज, झ चे शब्द वेगळे काढतोय, आणि हाताने दोन रकाने करतोय, टाळू आणि दात. साडेतीनशे झाले. मधेच कुठल्या रकान्यात टाकायचा हे न कळलेले काही शब्द आहेत, ते आईला फोन करून म्हणायला लावले. ती म्हणाली, "बरा आहेस ना?"

सोमवारी यादी तिला देणार आहे, कॅन्टीनमधल्या त्या दिवसाबद्दल सॉरी म्हणून. आणि सोमवारीच संध्याकाळी कॉल आहे, तोच क्लायंट, तोच बग. या वेळी 'स्मॉल बग' म्हणून पळ काढणार नाही. सटल म्हणणार. चुकलो तर चुकलो, होलोफर्निस आहेच सोबतीला.

चला, चहा गार झाला. तुम्हीही शाळा-कॉलेजात अक्षर लावून वाचलेले आणि फसलेले शब्द असतील तर जरूर सांगा. लाजू नका, मी सुरुवात करून दिली आहे.